लॅपटॉप घ्या, पण रॅम मोजून!

नोकरी बदलायची म्हणून नेटवर्किंग किंवा सिक्युरिटी शिकायला घेतलेले मित्र मला हमखास विचारतात, ‘लॅपटॉप कुठला घेऊ?’ माझं उत्तर ठरलेलं: आधी रॅम बघ, मग रंगरूप! नाहीतर ईएमआय दोन वर्षं चालतो आणि लॅब पहिल्याच आठवड्यात बसते.

फंडा साधा आहे. एकाच लॅपटॉपच्या पोटात तीन-चार ‘व्हर्च्युअल’ कॉम्प्युटर चालवायचे, तर प्रत्येक जण रॅममधला वाटा मागणार. विंडोज सर्व्हरला ४ जीबी, क्लायंट विंडोजला ४, लिनक्सला २. लॅपटॉपची स्वतःची भूक वेगळीच. म्हणजे १६ जीबीत जेमतेम भागतं, ३२ असेल तर निवांत. बजेट आडवं आलं तर आज १६ घ्या, पण रॅम पुढे वाढवता येईल ना, हे विचारूनच. बऱ्याच स्लिम मॉडेल्समध्ये ती बोर्डवरच पक्की बसवलेली असते.

आणि २०२० पासूनची एम-सिरीज मॅकबुक्स? देखणी खरी, पण प्रोसेसर एआरएम जातीचा. इंटेलसाठी बनवलेल्या लॅब त्यावर एक तर चालत नाहीत, नाहीतर रांगतात.

सॉफ्टवेअरचा खर्च मात्र शून्य! व्हर्च्युअलबॉक्स फुकट आणि नोव्हेंबर २०२४ पासून व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोसुद्धा. मग वाचलेले पैसे रॅममध्येच घाला की, राव!