खुटबावपासून दोन स्टेशनं

खुटबावहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलं की आधी यवत, मग उरुळी. या उरुळी कांचनात मणिभाई देसाईंनी १९६७ साली ‘बायफ’ ही संस्था उभी केली. होल्स्टीन, जर्सी वळूंचं गोठवलेलं रेत वापरून गावठी गाईंचा संकर, हे तिचं मुख्य काम. पाव मिलिलिटरची बारीक कांडी, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली. वळू आपल्या देशातच राहतो, वंश प्रवास करतो!

जिवंत जनावर परदेशी पाठवणं मात्र जिकिरीचं. दूध किती, हे नंतर, आधी लाळ्या-खुरकूत. हा रोग आपल्याकडे ठाण मांडून असल्याने अनेक देश भारतीय गाय-म्हैस उतरवूनच घेत नाहीत. म्हणून जनावरांच्या निर्यातीतल्या सल्लागाराचा वेळ गोठ्यापेक्षा विलगीकरण, रक्ततपासणी आणि आरोग्य दाखल्यांतच जास्त जातो. तरी एकेकाळी गुजरातची गीर ब्राझीलला गेली, तिथे दुधाला नावाजली. कष्ट तिथल्यांचे, पण बी आपलं.

असा सल्लागार व्हायचं तर बारावी विज्ञान, ‘नीट’ आणि पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी. त्यासाठी शिरवळला महाविद्यालय आहे.