जुन्या भांड्यांतली फुलं

आपल्याकडे फुलं तोडण्याची कारणं ठरलेली आहेत. कुणी देवासाठी तोडतं, कुणी वेणीसाठी, कुणी दर्ग्यावर चढवण्यासाठी. नुसतं बघत बसायला चार फुलं घरात आणावीत, हे मात्र थोडं चैनीचं वाटतं. त्यासाठी विकतची फुलदाणी हवी, लांब देठांचे गुलाब हवेत, असा आपला समज असतो. आज मी सांगणार आहे तो छंद याहून स्वस्त आहे. अंगणात किंवा गॅलरीतल्या कुंड्यांत असतील ती फुलं घ्यायची आणि घरातल्या कामातून गेलेल्या भांड्यांत मांडायची.

अशी भांडी प्रत्येक घरात असतात. स्टील आलं आणि तांब्यापितळेची भांडी माळ्यावर गेली, नाहीतर मोडीत. पोचे पडलेला तांब्या, टवके उडालेला एनॅमलचा मग, झाकण फुटलेली चिनी मातीची बरणी, शाईची रिकामी दौत. टाकवत नाहीत आणि लागतही नाहीत.

माझी अम्मा गेली तेव्हा तिच्या भांड्यांचा प्रश्न आमच्यापुढेही आला. भाऊ म्हणाला, मोडीत देऊ. त्याचं व्यवहाराला धरूनच होतं. पण मोडीचा भाव किलोवर ठरतो, आणि धरून धरून गुळगुळीत झालेल्या कडेचं वजन कुठल्याच काट्यावर येत नाही. मी तीन वस्तू मागून घेतल्या : वजूचा तोटीचा बधना, पितळी पानदान आणि लोणच्याची बरणी. वस्तू मागून घेणं सोपं असतं. कपाटात बंद राहिली की ती रोज एकच सांगते, माणूस गेलं. पानदानातल्या काथ-चुन्याच्या वाट्यांत मी पाणी घातलं, एकीत तगर, एकीत अबोली, एकीत सदाफुली ठेवली. त्या दिवसापासून पानदान पुन्हा घरात वावरू लागलं.

आता थोडं कृतीविषयी. फुलं सकाळी, उन्हं चढण्याआधी तोडावीत. तेव्हा देठांत भरपूर पाणी असतं. देठ धारदार सुरीने तिरपा कापावा, म्हणजे त्याचं तोंड भांड्याच्या बुडाला चिकटून बंद होत नाही. पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकावीत. ती कुजली की पाण्यात जंतू वाढतात, देठाच्या नळ्या तुंबतात आणि पाण्यात उभं असूनही फूल मान टाकतं. म्हणून पाणी रोज बदलावं. झेंडूचं पाणी तर फार लवकर वास मारतं. पितळ ओलं राहिलं की हिरवं पडतं, तेव्हा आत काचेचा लहान पेला बसवून त्यात फुलं ठेवावीत. तडा गेलेल्या बरणीलाही हाच उपाय.

कोणतं फूल कशात, हे फुलाच्या स्वभावावर ठरतं. निशिगंधाची छडी खालून वर उमलत जाते, तिला उंच बरणी हवी. सुकलेली खालची फुलं खुडत गेलं की ती बरेच दिवस सोबत करते. शेवंती टिकाऊ, तिला तांब्या शोभतो. प्राजक्ताला देठ जेमतेम, त्याला पसरट ताटली. सोनचाफा पाण्याने काठोकाठ भरलेल्या काचेच्या बरणीत बुडवून ठेवायची आपली जुनी रीत आहेच. जास्वंद एका दिवसाची पाहुणी. गुलबक्षी संध्याकाळी उमलते. दिवसभर बाहेर असणाऱ्यांनी तिला विसरू नये.

साध्या भांड्यात फूल ठेवण्याला मोठी परंपराही आहे. सोळाव्या शतकात जपानमधले चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांनी चीनहून आलेल्या मौल्यवान फुलदाण्यांच्या बरोबरीने बांबूचं नळकांडं आणि कोळ्याची टोपली फुलांसाठी वापरली. जगभर पोचलेल्या जपानी पुष्परचनेवर त्या साधेपणाचा ठसा आजही आहे.

या छंदाने मन शांत का होतं? मला वाटतं, भांडं आपल्याला अडवतं म्हणून. बधन्याचं तोंड अरुंद, त्यात तीनच देठ मावतात. दौतीत एकच. चौथं फूल कितीही सुंदर असलं तरी बाजूला ठेवावं लागतं. गझल लिहिणाऱ्याला हे ओळखीचं आहे. शेराला दोनच ओळी मिळतात आणि वृत्त जास्तीचा शब्द आत येऊ देत नाही. दिवसभर आपल्यापुढे शंभर पर्याय असतात, शंभर काळज्या असतात. इथे प्रश्न एवढाच की हा देठ बोटभर कापायचा की दोन बोटं. हात कामात असतात, नजर एका ठिकाणी असते, आणि दहा मिनिटांत श्वास आपोआप संथ होतो. दुःख जात नाही. ते थोडा वेळ बाजूला बसतं.

फुलं तर दोन-चार दिवसांत सुकणारच. त्याची हळहळ वाटून घेऊ नये. सुकलेली फुलं कुंडीत टाकावीत, भांडं धुऊन पालथं घालावं आणि झाडावर काय उमललं आहे ते बघावं. तुमच्याही माळ्यावर एखादा तांब्या असेल. मोडवाला दारात येण्याआधी एकदा त्यात पाणी भरून बघा.