बारावीला बायोलॉजी नव्हतं, तरी ‘नीट’ देता येते का?

देता येते. पूर्वी अकरावी-बारावी अशी दोन्ही वर्षं बायोलॉजी नियमित शिकलेलं असणं बंधनकारक होतं. पीसीएमवाल्यांना दार बंदच. २२ नोव्हेंबर २०२३ च्या नोटिशीने राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही अट काढली. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी अतिरिक्त विषय म्हणून पास केलं, तरी चालतं. राज्य मंडळाच्या परीक्षा अर्जात यासाठी ‘तुरळक विषय’ हा प्रकार असतो. प्रात्यक्षिकं सुटत नाहीत, म्हणून आधी कनिष्ठ महाविद्यालयात चौकशी करा.

खरी गोम टक्क्यांत आहे. खुल्या गटाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० गुण लागतात. एससी, एसटी, ओबीसींना ४० टक्के. समजा फिजिक्स ४२, केमिस्ट्री ४८, बायोलॉजी ५५. बेरीज १४५. खुल्या गटात प्रवेश नाही, मग नीटचा स्कोअर कितीही असो. गणितातले ९५ इथे मोजत नाहीत. इंग्रजीत मात्र पास हवंच.

असे पाच गुण कमी पडले, तर श्रेणीसुधार परीक्षा हा मार्ग आहे. तिचा अर्ज बारावीचा निकाल लागताच भरा. नीटच्या निकालाची वाट पाहिली, तर मुदत निघून जाऊ शकते.