कोणता कर्ण आखडला?

गाडी मागे घेताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं, की पुढच्या डाव्या चाकापाशी खर्रर्र असा आवाज यायचा. सरळ रस्त्यावर काहीच नाही. पावसाळ्यात कोकणातून परतताना पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात ते चाक जोरात आपटलं होतं, त्यानंतरच्या आठवड्यातली ही गोष्ट. व्हील अलाइनमेंट करून घेतलं. कागदावर सगळं हिरव्यात आलं, आवाज मात्र तसाच राहिला. मग एका सकाळी वाकून नीट पाहिलं, तेव्हा डाव्या चाकाच्या पुढे मडगार्डच्या कमानीत सेंटीमीटरभर जास्त मोकळी जागा दिसली, आणि मागे तेवढीच कमी. उजवं चाक कमानीच्या अगदी मधोमध होतं.

आमच्या ओळखीच्या मेस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "ताई, मडगार्ड धरून मोजू नका. ते बोल्टवर टांगलेलं असतं. बंपर काढून परत बसवला तरी चार मिलिमीटर इकडेतिकडे होतं."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण पुढचा सगळा शोध त्यावरच उभा राहिला. चाक सरकलंय असं आपण म्हणतो, तेव्हा ते कशाच्या तुलनेत सरकलंय? कमान डोळ्यासमोर असते म्हणून आपण तिच्याशी ताडून पाहतो. पण कमानच पुढे सरकली असेल, तर जागेवरचं चाकही मागे गेल्यासारखं दिसेल. जुनी गाडी घेताना अनेकांची फसगत इथेच होते. पत्रा ठोकून सरळ केलेला असतो, अंतरं जुळवलेली असतात, आणि खालचं चाक वाकडंच राहिलेलं असतं.

घासतंय कुठे, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी शाळेतला खडू पुरतो. टायरच्या दोन्ही खांद्यांवर, म्हणजे जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खडू जाड फासायचा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन गाडी थोडी पुढेमागे करायची, आणि टॉर्च घेऊन कमानीच्या आत पाहायचं. पांढरा डाग जिथे, घर्षण तिथे. आमच्या गाडीत तो आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरवर, मागच्या कोपऱ्यात उमटला.

डावीकडे वळताना डावं चाक आतल्या बाजूला असतं, आणि आतलं चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळतं. दोन्ही चाकांना एकाच केंद्राभोवती, पण लहानमोठ्या वर्तुळांवर फिरायचं असतं, म्हणून ही व्यवस्था. म्युनिकमधले घोडागाड्या बनवणारे गेओर्ग लांकेन्स्पेर्गर यांनी ती शोधली; लंडनमध्ये 1818 साली तिचं पेटंट घेतलं त्यांचे प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान यांनी, आणि नाव लागलं ते आकरमान यांचंच. चाक डावीकडे वळलं की त्याची मागची कड गाडीच्या आत शिरते. चाक मुळातच मागे गेलेलं असेल, तर तीच कड लायनरला आधी भिडणार. डाग त्या कोपऱ्यातच होता.

दोन्ही बाजूंना सारखंच घासत असतं, तर मी टायरच्या मापाकडे वळले असते. 185/65 आर 15 या टायरचा व्यास साधारण 621 मिलिमीटर. हौसेने 195/65 घातला तर तो 634 होतो, रुंदीही 10 मिलिमीटरने वाढते. डिस्कचा ऑफसेट बदलला तर चाक आत किंवा बाहेर जातं. पण माप बदललं की दोन्ही चाकं सारखी घासतात. एकाच बाजूला घासणं म्हणजे जागा बदलल्याची खूण.

आता जागा मोजायची होती, आणि त्यासाठी गवंड्याचा ओळंबा आणला. पार्किंगच्या सपाट फरशीवर, चारही टायरांत सारखी हवा भरून, स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी उभी केली. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूने फुली मारली. मग गाडी बाजूला घेतली. फरशीवर उरल्या चार फुल्या, आणि त्यांत ना मडगार्ड होतं ना बंपर.

उजवीकडच्या पुढच्या-मागच्या फुल्यांतलं अंतर 2450 मिलिमीटर भरलं. डावीकडचं 2439. फरक 11 मिलिमीटर. दोन-चार मिलिमीटरचा फरक नव्या गाडीतही असू शकतो, पण 11 नाही. (एक सुंदर अपवाद आहे. 1961 साली आलेल्या फ्रान्सच्या रेनॉ 4 या गाडीत दोन्ही बाजूंचं हे अंतर मुद्दामच जवळपास 5 सेंटीमीटरने वेगळं ठेवलं होतं. मागच्या चाकांच्या टॉर्शन बार, म्हणजे पिळाच्या दांड्या, गाडीच्या रुंदीभर एकीमागे एक बसवल्या होत्या, म्हणून एक चाक थोडं मागे. ती गाडी तशीच तीसेक वर्षं बनत राहिली.)

पण डावी बाजू आखूड झाली, एवढ्यावरून दोषी चाक कळत नाही. पुढचं चाक मागे आलं असेल, किंवा मागचं पुढे गेलं असेल. घराचा पाया आखताना गवंडी समोरासमोरचे कोपरे दोरीने जोडून कर्ण मोजतात. दोन्ही सारखे भरले तर पाया गुण्यात. तेच इथे करायचं. पुढचं डावं चाक मागे सरकलं असेल, तर त्याच्यापासून मागच्या उजव्या चाकापर्यंतचा कर्ण आखडेल, दुसरा तसाच राहील. मागचं डावं चाक पुढे गेलं असेल, तर बरोबर उलट. आमचा पहिला कर्ण 9 मिलिमीटरने कमी भरला. टेपमापाच्या त्या एका आकड्याने अर्धी गाडी संशयातून मोकळी केली. साध्या भूमितीला एवढं काम करताना पाहून मला खरोखर आनंद झाला.

पुढचं चाक सरकलं, ते खालून की वरून? आजच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अमेरिकन अभियंते अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना 1950 च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून रुळली. शॉकअब आणि स्प्रिंग मिळून एक उभा खांब. त्याचं वरचं टोक बॉनेटखालच्या पत्र्याला, खालचं टोक बॉल जॉइंटमधून लोअर आर्मला, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याला. वरच्या आधारापासून खालच्या जॉइंटपर्यंत अंदाजे 65 सेंटीमीटर धरू. चाकाचा मध्य त्या जॉइंटच्या जेमतेम 10 सेंटीमीटर वर असतो. त्यामुळे वरचं टोक 10 मिलिमीटर मागे गेलं, तर चाक दीड मिलिमीटरच सरकतं. खालचं टोक तेवढंच गेलं, तर चाक साडेआठ मिलिमीटर सरकतं. म्हणून कमानीत चाक डोळ्यांना मागे दिसत असेल, तर बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली पाहावं.

गाडी दुसऱ्या एका कारणानेही खालीच बोट दाखवत होती. ती हलकेच डावीकडे ओढत होती. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डाव्या कडेला उतरते असतात, म्हणून मी ते सोडून दिलं होतं. खरं कारण कॅस्टरमध्ये होतं. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो; त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाक टेकतं त्याच्या पुढे पडते, म्हणून चाक आपोआप सरळ होऊ पाहतं. मोटारीतला तसाच तिरकेपणा म्हणजे कॅस्टर. त्यामुळे डावं चाक गाडीला उजवीकडे आणि उजवं डावीकडे वळवू पाहतं. दोघांची ओढ सारखी असली की गाडी सरळ जाते. खालचं टोक 11 मिलिमीटर मागे आलं की कॅस्टर जवळपास 1 अंशाने घटतो. डाव्या चाकाची ओढ कमी पडली, उजवं जिंकलं, गाडी डावीकडे गेली.

मग अलाइनमेंटचा कागद हिरवा कसा? तिथे टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी, फिरवून टो जुळवला होता, म्हणजे चाकांची तोंडं समोर केली होती. ते कामही गरजेचंच. तोंड 0.2 अंशाने फिरलेलं असेल, तर गणिताने दर किलोमीटरला टायर साडेतीन मीटर आडवा फरफटतो. पण चाकाचं तोंड सरळ असणं आणि चाक जागेवर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सरकलेल्या चाकाचंही तोंड सरळ करता येतं. अनेक लहान गाड्यांत कॅस्टर जुळवण्याची सोयच नसते, आणि कागदावरचा तो रकाना ग्राहकाला कुणी समजावून सांगत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण उत्तर त्याच कागदावर छापलेलं असू शकतं.

मेस्त्रींनी शेवटची परीक्षा घेतली. मला ब्रेक दाबून बसायला सांगितलं आणि गाडी पुढेमागे हलवली. डावं चाक कमानीत खट् करून सरकत होतं. लोअर आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतात, तिथला रबरी बुश फाटला होता. गाडी स्टँडवर चढवल्यावर आर्मही दिसला: उजव्याशी ताडून पाहिला तर किंचित मुडपलेला. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरू नये.) नवा आर्म बसवला, पण बुशचे बोल्ट त्यांनी शेवटी, चाकं जमिनीला टेकल्यावर आवळले. हवेत आवळले तर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

परत ओळंबा, परत फुल्या. या वेळी फरक 2 मिलिमीटर. नंतर अलाइनमेंट पुन्हा केलं, कारण टाय रॉड चुकीच्या जागेसाठी जुळवलेला होता. टायरच्या आतल्या खांद्यावर घासल्याचा पट्टा राहिलाच आहे. दोऱ्या उघड्या पडलेल्या नाहीत, भिंतीला फुगवटाही नाही. तरी मेस्त्रींनी तो पुढे ठेवू दिला नाही. स्टेपनी पुढे आली, आणि तो टायर आता डिकीत आहे.