धुक्याचा माग

ब्रिजवरून जहाजाची नाळ दिसेनाशी झाली की आम्ही नोंदवहीत दृश्यमानतेच्या रकान्यात ९० लिहितो. त्याचा अर्थ, पन्नास मीटरच्या पलीकडे काही दिसत नाही. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे एक किलोमीटरच्या आत दिसेनासं झालं की ते धुकं. मोकळ्या समुद्रात अंतर जोखायला ना झाड असतं ना देवळाचा कळस, त्यामुळे जवळचं अंतर आपल्याच जहाजावरच्या वस्तूंवरून ठरवावं लागतं. भोंगा नियमाप्रमाणे दर दोन मिनिटांच्या आत एकदा लांब वाजत राहतो आणि काम चालू राहतं.

ही जागा ग्रँड बँक्सची, न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला पसरलेलं समुद्राखालचं उथळ पठार. उत्तरेकडून लॅब्रॅडॉरचा गार प्रवाह त्यावर येतो आणि दक्षिणेच्या कडेजवळून गल्फ स्ट्रीमचं ऊबदार पाणी जातं. जुलैत वारा दक्षिणेकडून सुटला की ऊबदार पाण्यावरची दमट हवा गार पाण्यावर सरकते आणि तिचं धुकं होतं. जमिनीवरचं पहाटेचं धुकं वाऱ्याने विरतं, ऊन चढलं की उठतं. इथलं धुकं जोरदार वाऱ्यातही दिवसेंदिवस टिकतं, कारण खालचं पाणी उन्हाने तासाभरात तापत नाही.

इथे मोजायचं ते सगळ्यात आधी पाण्याचं तापमान. उपग्रहाच्या अवरक्त कॅमेऱ्याला धुक्याखालचं पाणी दिसत नाही, आणि सूक्ष्मलहरींचा उपग्रह पाहतो ते फार ढोबळ. म्हणजे जिथे हा आकडा सर्वांत गरजेचा, तिथे जहाजानेच तो घ्यायचा. पाण्यावर तरंगत ओढला जाणारा सेन्सर असतो, तरी त्याची खात्री करायला आम्ही बादली सोडतो. इंजिनाच्या गरम पाण्याची धार जिथे येत नाही त्या बाजूने सोडायची, सावलीत ठेवून ढवळायची, आणि तापमापक पाण्यातून न काढता वाचायचा. मग ओला आणि कोरडा तापमापक, तोही वारा येतो त्या बाजूला, कारण डेक आणि धुराडं स्वतःची ऊब हवेत मिसळत असतात. ओल्या तापमापकाची मलमल वरचेवर बदलावी लागते. तिच्यावर मीठ साचलं की बाष्पीभवन मंदावतं, तापमान जास्त दिसतं आणि हवा आहे त्याहून दमट भासते. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण धुक्याचा सगळा निकाल अर्ध्या-पाऊण अंशाच्या फरकावर लागतो.

फुगा सोडणं त्यामानाने देखणं काम. हेलियम भरलेल्या फुग्याखाली मुठीत मावेल एवढं रेडिओसाँड लटकतं आणि सेकंदासेकंदाला तापमान, आर्द्रता, ठिकाण कळवतं. ते हँगरमधून काढून लगेच सोडलं तर सुरुवातीचे काही मीटर हँगरचीच ऊब सांगत जातं, म्हणून आधी बाहेर मुरू द्यायचं. फुगा बघता बघता नाहीसा होतो आणि पुढचं सगळं पडद्यावर. एरवी उंचीबरोबर हवा गार होत जाते. इथे वर जावं तसं तापमान चढतं, कधी शंभर-दोनशे मीटरमध्ये पाच-सहा अंश. धुक्याच्या माथ्यावर एक फसवी खाच दिसते. थेंबांनी भिजलेला सेन्सर कोरड्या हवेत शिरतो, ओलाव्याने क्षणभर गार पडतो आणि तिथे नसलेली थंडी कळवतो. नवख्या माणसाला ही खाच मोठा शोध वाटते.

खरा शोध उंचीबरोबर बदलणाऱ्या तापमानाच्या रेषेच्या वळणांत आहे, आणि तो जी. आय. टेलर यांचा. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर हिमनगांवर नजर ठेवायला १९१३ मध्ये ‘स्कॉशिया’ हे जुनं शिडाचं जहाज याच भागात पाठवलं गेलं. सत्तावीस वर्षांचे टेलर हवामानशास्त्रज्ञ म्हणून त्यावर होते. पतंगाला उपकरण बांधून ते वर पाठवत आणि तापमान कसं बदलतं ते पाहत. मग इतर जहाजांच्या नोंदींवरून ती हवा आधीच्या दिवसांत कुठकुठल्या पाण्यावरून आली त्याचा माग त्यांनी काढला. रेषेतलं एकेक वळण वाटेत पाणी बदललं त्या त्या वेळेशी जुळलं. गार पाण्याचा परिणाम हवेतल्या लहानमोठ्या भोवऱ्यांमधून वर चढतो, पण दुप्पट उंची गाठायला त्याला चौपट वेळ लागतो. म्हणजे वरचं वळण जुनं, खालचं ताजं. हवेने आपला प्रवास स्वतःच्या अंगावर लिहून ठेवलेला असतो. १९१५ मध्ये त्यांनी यावर प्रबंध छापला. वातावरणातल्या खळबळीचा आज जो अभ्यास होतो त्याच्या पायात तो आहे. माझ्या मते टायटॅनिकनंतरच्या सगळ्या धडपडीतून विज्ञानाच्या हाती लागलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

तरीही गार पाण्यावर आलेली प्रत्येक दमट हवा धुकं होत नाही. पंधरा अंशांची संपृक्त हवा दहा अंशांवर आली तर घनमीटरमागे तीन ग्रॅमहून जास्त बाष्प सोडते. दाट धुक्यात मात्र पाणी भरतं ते घनमीटरला ग्रॅमच्या काही दशांशांएवढंच. जे भोवरे ऊब खाली नेतात तेच बाष्पही नेतात, आणि बरंचसं थेट समुद्रात मुरतं. त्यात समुद्राचं पाणी खारं, म्हणून त्याला टेकलेली हवा अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या आसपासच भरते. उरलेलं काम हवेतले मिठाचे कण करतात, आणि एकदा धुकं जमलं की त्याचा माथाच वरच्या आकाशाकडे उष्णता टाकू लागतो. मग थंडी वरूनही उतरते. अशा धुक्यातली हवा कधी खालच्या पाण्याहूनही गार सापडते. थंडी खालून किती आली आणि वरून किती, हे तासातासाला बदलतं. अंदाज तिथेच चुकतात.

आपल्याकडचा विचार करताना मला अरबी समुद्राचं पश्चिम टोक आठवतं. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावरचं पाणी दूर लोटतो, खालचं गार पाणी वर येतं, आणि सलालामागच्या धोफारच्या डोंगरांवर धुकं बसतं. पण पूर्वेकडे कोकणाच्या वाटेवर पाणी तापत जातं. हवेच्या प्रवासाचा क्रम उलटा, म्हणून रत्नागिरीला आषाढात समुद्रावरून धुकं येत नाही, पाऊस येतो. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत मुंबईहून उडालेल्या संशोधन विमानांनी हे मोजलं. पश्चिमेला उष्ण हवेचं झाकण खाली दबलेलं, भारताकडे येताना ते उचललं जातं आणि ढगांना वाढायला जागा मिळते. आपल्या संशोधन जहाजांनीही पुढे भर पावसाळ्यात अरबी समुद्रात मोजमापं केली आहेत. झाकण नेमकं उचलू लागतं त्या पट्ट्यात एक जहाज पूर्ण मान्सूनभर उभं राहावं, दर तीन तासांनी फुगा सोडावा आणि प्रत्येक वळणाचा माग टेलर यांच्या रीतीने पाण्यापर्यंत न्यावा, अशी माझी फार इच्छा आहे.