गाईड पाठ, बादली कोरडी

बी.एड.ची विज्ञान शाखेची मुले-मुली आमच्या अभ्यासिकेत येतात. परीक्षा जवळ आली की सगळ्यांच्या हाती गाईड! 1976 साली स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातील मार्टन व साल्यो यांनी दाखवून दिले, की कुणी लक्षात ठेवण्यासाठी वाचतो, कुणी अर्थ लावण्यासाठी. आणि प्रश्न जसे अपेक्षित तसे वाचन वळते. मग दोष एकट्या मुलांना कसा द्यावा?

परवा आम्ही एका मुलीला विचारले, "पेला पालथा घालून पाण्यात सरळ दाबला, तर आतला कागद भिजेल का?"

"नाही काका. हवा जागा व्यापते." उत्तर तोंडपाठ.

आम्ही बादली भरून आणली. कागदाचा बोळा कोरडाच निघाला. ती बघतच राहिली. "स्वतः कधी करून पाहिलंच नव्हतं," म्हणाली.

जूनपासून ती सातवीला विज्ञान शिकवणार आहे. बादली मागून घेऊन गेली.