आंबेनळीच्या वाऱ्यावर घरचा दिवा लागेल का?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक गावांत वीज परतायला काही आठवडे लागले. पुढच्या वर्षी २२ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. तळीये, साखर सुतारवाडी, केवनाळे इथे दरडी आल्या, महाड पाण्याखाली गेले आणि आंबेनळी घाटाचा रस्ता खचून बंद झाला. अशा दिवसांत घाटाखालच्या वाडीवर बसलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. तारा तुटल्यात, पण वारा तर छपराचे पत्रे उडवतोय. मग अंगणात छोटी पवनचक्की का लावू नये?

प्रश्न नुसत्या दिव्याचा नाही. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर न उघडलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. दम्याच्या रुग्णाला नेब्युलायझर लागतो. पावसाळ्यात अंधारात अंगणात उतरणे म्हणजे सर्पदंशाला आणि विंचूदंशाला आमंत्रण. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर आयुष्यभर संशोधन केले, ते याच परिसरातल्या रुग्णांवर.

वाऱ्याचा हिशेब मात्र कठोर आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा दुप्पट नव्हे, आठपट होते. दोन मीटर व्यासाचे चक्र घेतले, तर सेकंदाला ६ मीटर वेगाच्या वाऱ्यात हाती साधारण १२० वॅट लागतात. तोच वारा ३ मीटरवर आला की उरतात १५ वॅट, म्हणजे दीड एलईडी बल्ब. आणि बहुतेक छोट्या चक्क्या याच वेगाला कशाबशा फिरू लागतात. जाहिरातीत लिहिलेला ‘एक किलोवॅट’ हा सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याचा आकडा असतो. तसा वारा सुटला की माणसे दारे लावून घेतात.

साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, मग पलीकडे आपल्याकडे का नाही, असे कुणीही विचारेल. ती पठारे उंच आणि उघडी आहेत. आंबेनळी घाट जिथून खाली उतरतो ते सावित्रीचे खोरे तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले. वरच्या धारेवर वारा भन्नाट असला तरी खाली वाडीत तो झाडांवर, कड्यांवर आपटून भोवऱ्यासारखा येतो. असा घुमणारा वारा अंगाला जोरदार वाटतो, पण पाती सतत दिशा बदलत राहतात, वीज कमी देतात आणि लवकर झिजतात. चक्र आजूबाजूच्या दीडशे मीटरांतल्या सर्वांत उंच झाडाहून किंवा घराहून निदान ९-१० मीटर वर असावे, असा ठोकताळा आहे. आंब्या-फणसाच्या मधल्या घराला त्यासाठी वीस-पंचवीस मीटरचा खांब लागेल. तो उतारावर उभारायचा तर पाया खणावा लागणार, आणि दरडप्रवण उताराला खणणे ही तिथे क्षुल्लक गोष्ट नाही.

पारख करायला आधी पैसे लागत नाहीत. पाने नुसती सळसळत असतील तर वारा कमी आहे. बारीक फांद्या सतत हलत असतील आणि हलका झेंडा ताठ फडकत असेल तर साधारण ४-५ मीटरचा वारा आहे. हे जानेवारीत आणि एप्रिलमध्येही पाहावे, फक्त जुलैत नव्हे. धारेवरची झाडे कायमची एका बाजूला कललेली असतील तर तिथे मात्र वर्षभर वाऱ्याची नोंद घेणारे यंत्र लावून बघण्यात अर्थ आहे.

पवनचक्कीच्या आवाजाने नाना आजार होतात, असेही बोलले जाते. ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींमुळे आजार होतो, याला संशोधनात आधार मिळालेला नाही. ऐकू येणाऱ्या आवाजाने झोप मोडते, हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिवस-रात्रीची सरासरी ४५ डेसिबलच्या आत ठेवण्याची शिफारस केली. घराच्या छपरावरच चक्की बसवली तर तिची थरथर भिंतीतून खाटेपर्यंत येते. म्हणून छपरावर नकोच. आणखी एक बाब क्वचितच सांगितली जाते. तीन पात्यांचे छोटे चक्र मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर खिडकीत पडणारी सावली सेकंदाला पंधरा वेळा लुकलुकते. प्रकाशाच्या लुकलुकीने ज्यांना फीट येते, त्यांना ते घातक ठरू शकते.

मग करायचे काय? गरज मोजली की चित्र बदलते. चार एलईडी दिवे पाच तास, दोन मोबाइल, नेब्युलायझर अर्धा तास आणि कमी विजेचा पंखा रात्रभर, एवढ्याला दिवसाला जेमतेम अर्धे युनिट पुरते. एक किलोवॅटचे सौर पॅनल उन्हात चारेक युनिटे देते आणि झडीच्या पावसातही बऱ्याचदा अर्ध्याच्या आसपास. केंद्राच्या सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३० हजारांचे अनुदानही आहे. मात्र एक मेख आहे: बॅटरीशिवायचा, महावितरणच्या तारेला जोडलेला सौरसंच तारेतली वीज गेली की स्वतःही बंद पडतो. लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तशी रचनाच असते. त्यामुळे वादळासाठी संच घेत असाल तर बॅटरीचे आधी विचारा.

ज्या वाडीजवळ बारमाही नाहीतर निदान डिसेंबरपर्यंतचा ओढा आहे, तिथे वाऱ्याआधी पाण्याकडे बघावे. सेकंदाला दहा लिटर पाणी दहा मीटर खाली आणले तर छोट्या जनित्रातून चार-पाचशे वॅट मिळू शकतात, तेही रात्रंदिवस. दगडगोटे आणि पूर यांपासून पाइप वाचवणे हे त्यातले कष्टाचे काम.

बॅटरी कोणतीही असो, हवेशीर जागी, मुलांपासून दूर ठेवावी. आम्लाचा थेंब डोळ्यात गेला तर आधी पंधरा-वीस मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, मग दवाखान्यात जावे. जनरेटर पडवीतही चालवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि वापरात असलेली इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात, पाणी शिरणार नाही अशा डब्यात ठेवली तर साधारण चार आठवडे टिकते.